आरास, कोलू आणि वाळवंट : विसर्जनशील मांडणशिल्पाची घडण

१. शब्द आणि जागा

‘मांडणशिल्प’ ही संज्ञा मराठी कलासमीक्षेत अलीकडची असली, तरी तिच्या मुळाशी असलेले ‘मांडणे’ हे क्रियापद मराठी घरांत पूर्वापार रुळलेले आहे. पूजा मांडतात, चौरंग मांडतात, सोंगट्यांचा पट मांडतात, मुली भातुकली मांडतात. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट गृहीत असते: जे मांडले ते पुढे आवरायचे आहे. चित्र काढले जाते, मूर्ती घडवली जाते, वास्तू बांधली जाते; आणि या तिन्ही क्रियांत टिकण्याची अपेक्षा असते. मांडण्यात ती नसते. म्हणून ठरावीक दिवसांपुरत्या उभ्या राहणाऱ्या आणि नंतर मुद्दाम नाहीशा होणाऱ्या कलाकृतींचा विचार करताना मराठीला परभाषेतून काही उसने आणण्याचे कारण पडत नाही.

‘वाळवंट’ या शब्दाचेही असेच आहे. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकामुळे त्याचा ‘मरुभूमी’ हा अर्थ आज प्रथम आठवतो. परंतु संतसाहित्याच्या वाचकाला वाळवंट म्हणजे चंद्रभागेचे वाळवंट. नदीकाठच्या त्या रेताड पट्ट्यात आषाढी-कार्तिकीला वैष्णवांचा मेळा भरतो, कीर्तने होतात, आणि यात्रा पांगली की जागा पुन्हा मोकळी होते. अमेरिकेतील नेवाडा राज्यात ‘बर्निंग मॅन’ हा सुप्रसिद्ध वाळवंटी कला-उत्सव ज्या भूमीवर भरतो, तिला तेथे ‘प्लाया’ म्हणतात. हा स्पॅनिश शब्द असून त्याचा मूळ अर्थ समुद्रकिनारा किंवा पुळण असा आहे. दोन दूरच्या भाषांतील या दोन शब्दांत ओसाडपणापेक्षा पाण्याच्या काठची मोकळी जागा हा अर्थ आधीचा आहे, हे लक्षणीय आहे.

या दोन शब्दांच्या आधारे विसर्जनशील मांडणशिल्पाची घडण कशी होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी नेवाडाचे वाळवंट, महाराष्ट्रातील सार्वजनिक देखावा आणि चेन्नईतील तंजावर मराठी घरांत नवरात्रात मांडला जाणारा कोलू अशी तीन उदाहरणे घेतली आहेत. त्यांपैकी तिसऱ्यावर अधिक भर आहे.

२. वाळवंट काय मागते

बर्निंग मॅनचा प्रारंभ १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीच या किनाऱ्यावर झाला. लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी सुमारे अडीच मीटर उंचीची लाकडी मानवाकृती तेथे जाळली. १९९० पासून हा उत्सव ब्लॅक रॉक वाळवंटात भरू लागला. ऑगस्टअखेर सुरू होऊन तो सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपतो. म्हणजे अनेकदा त्याच सुमारास महाराष्ट्रात गणेशोत्सव असतो. अलीकडच्या काळात सुमारे सत्तर हजार माणसांचे नगर तेथे आठवडाभर वसते.

ही भूमी समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवर असून ती लाहोंटन या प्राचीन सरोवराचा कोरडा तळ आहे. तेथे वाळूच्या टेकड्या नाहीत. पिठासारखी बारीक, क्षारयुक्त धूळ आहे. ती मोटारीच्या धारव्यांत शिरते, विजेच्या जोडांत साचते, धातू खाते. रचनाकाराला सर्वप्रथम या धुळीचा आणि वाऱ्याचा हिशेब मांडावा लागतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे ६ किलो वजनाइतका दाब देतो. वेग दुप्पट झाला की हा दाब २४ किलोंवर जातो. तीन मीटर उंच आणि चार मीटर रुंद अशा साध्या सपाट भिंतीला अशा वाऱ्यात सुमारे २९० किलोंचा रेटा सोसावा लागतो. म्हणून वाळवंटातील शिल्पे शक्यतो जाळीदार असतात, त्यांचा पाया रुंद असतो, आणि जमिनीत खोल रोवलेल्या लोखंडी नांगरांना ती तारांनी ताणून बांधलेली असतात. रात्री सायकलस्वार आदळू नयेत म्हणून प्रत्येक रचनेवर दिवा आवश्यक असतो. तेथील लाकडी मंदिरांच्या भिंतींवर दिसणारे बारीक कातरकाम केवळ शोभेचे नाही. छिद्रांमधून प्रकाशाबरोबर वाराही पार होतो.

दुसरी अट पुरवठ्याची. तेथे हार्डवेअरचे दुकान नाही. राहिलेला एक नट आणण्यासाठी वाळवंटाबाहेर जावे लागते. त्यामुळे शिल्प आधी आपल्या गावच्या कार्यशाळेत पूर्ण उभे करायचे, प्रत्येक भागावर क्रमांक घालायचा, ते सुटे करून वाहनात भरायचे आणि तेथे पुन्हा जुळवायचे, अशी पद्धत पडली आहे.

तिसरी अट सर्वांत कठोर आहे. उत्सवाच्या २००४ मधील दहा तत्त्वांपैकी एक म्हणजे मागे कोणतीही खूण न ठेवणे. ही जमीन संघराज्य सरकारची असल्याने उत्सवानंतर प्रत्यक्ष तपासणी होते, आणि एका एकरात एक चौरस फुटापेक्षा अधिक कचरा उरलेला चालत नाही. जे शिल्प जाळायचे असते त्याच्याखाली जमीन करपू नये म्हणून संरक्षक थर आधी अंथरावा लागतो. राख, खिळे आणि लाकडाच्या ढलप्या वेचून न्याव्या लागतात. शेवट कसा होणार हे ठरल्याशिवाय पहिली फळी कापता येत नाही.

३. चेन्नईतील पायऱ्या

याच तीन अटी, म्हणजे स्थैर्य, सुटे करून पुन्हा जुळवण्याची सोय आणि ठरलेला शेवट, अगदी लहान प्रमाणावर चेन्नईतील घरांत पाहावयास मिळतात. शारदीय नवरात्रात तमिळ, तेलुगू, कन्नड आणि तंजावर मराठी कुटुंबांत बाहुल्यांची पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडली जाते. तमिळमध्ये तिला ‘बोम्मै कोलू’ म्हणतात. ‘बोम्मै’ म्हणजे बाहुली आणि ‘कोलू’ म्हणजे राजाचे दरबारात बसणे. ही आरास म्हणजे देवीचा दरबार होय.

तंजावरात व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास स्थापन केलेली मराठी सत्ता १८५५ मध्ये संपुष्टात आली. त्या अवधीत तेथे मराठी नाटके रचली गेली, दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत सरस्वती महाल ग्रंथालयाची वाढ झाली, आणि १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. कारभारात मुरलेली अनेक कुटुंबे पुढे इंग्रजी शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने मद्रासकडे वळली. कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव (१८२८–१८९१) हे मद्रासला शिकून पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण झाले. चेन्नईतील मराठा एज्युकेशन फंड ही १९१२ पासूनची संस्था याच समाजाच्या शैक्षणिक गरजेतून उभी राहिली. दगडावर कोरलेला इतिहास तंजावरात राहिला. घरांबरोबर मद्रासला आल्या त्या बोली, स्वयंपाक आणि पेट्यांतील बाहुल्या.

कोलूच्या पायऱ्या विषम संख्येच्या असतात: तीन, पाच, सात किंवा नऊ. पूर्वी ट्रंका, पाट, फळ्या आणि ग्रंथांचे गठ्ठे एकावर एक रचून त्यांवर शुभ्र धोतर अंथरत. आता नट-बोल्टने जुळणाऱ्या लोखंडी पायऱ्या मिळतात. वरच्या पायरीवर कलश आणि देवता, त्याखाली संत आणि थोर पुरुष, त्याखाली लग्ने, मिरवणुका, बाजार असे मानवी व्यवहार, आणि अगदी खाली धान्याची रास मांडून बसलेले चेट्टियार जोडपे, असा सर्वसाधारण क्रम असतो. रक्तचंदनासारख्या लाकडाची ‘मरपाच्ची’ ही जोडी आवश्यक मानली जाते. ती बहुधा लेकीला लग्नात माहेराहून मिळते आणि दरवर्षी तिला नवी वस्त्रे नेसवतात. पायऱ्यांसमोर जमिनीवर माती-वाळू पसरून बाग, तळे, गाव उभारतात आणि नाचणी किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवतात. महाराष्ट्रातील मुले दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरतात त्याची येथे आठवण होते.

महाराष्ट्रातील चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाशी तर कोलूचे साम्य अधिक जवळचे आहे. तेथेही पायऱ्यांची आरास, तेथेही खेळणी आणि बाहुल्या, तेथेही मांडणारी स्त्रीच. पाहुणीच्या ओटीत पडणाऱ्या भिजवलेल्या हरभऱ्यांच्या जागी चेन्नईत सुंडल येते. मात्र साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. कोलू ही दक्षिणेची सामाईक प्रथा आहे, आणि तंजावर मराठी घरांनी ती आपली म्हणून वाढवली. चैत्रातील आरास ठाऊक असलेल्या हातांना आश्विनातील आरास परकी वाटली नसावी, इतकेच येथे म्हणता येईल.

रचनेच्या दृष्टीने कोलू सोपा नाही. कलश आणि देवता वर हव्यात, परंतु वजन खाली हवे. म्हणून कागदाच्या लगद्याच्या हलक्या मूर्ती वरच्या पायऱ्यांना सोयीच्या, आणि भाजलेल्या मातीच्या जड बाहुल्या खालच्यांना. पायरीची उंची नऊ इंच असेल आणि तिच्यावर बारा इंचांची बाहुली ठेवली, तर समोरून पाहणाऱ्याला मागच्या पायरीवरील बाहुलीचे पाय तीन इंच झाकलेले दिसतात. पाहुणे सतरंजीवर बसून गाणी म्हणतात, त्यामुळे नजर खालून वर जाते आणि हा दोष वाढतो. अनुभवी गृहिणी मांडताना मधूनमधून खाली बसून पाहते, ते याच कारणासाठी. तंजावरची प्रसिद्ध राजा-राणी बाहुलीही हेच सांगते. तिचा तळ गोल आणि जड असतो. म्हणून कितीही कलवली तरी ती पुन्हा उभी राहते. वाळवंटातील रुंद पायाचे शिल्प आणि ही बाहुली यांचे तत्त्व एकच आहे.

४. विषय निवडणे

१८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार झाला आणि पुढे त्यातून पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक विषयांवरील देखाव्यांची परंपरा वाढली. जिवंत देखावे आले, हलते देखावे आले. देखाव्याचा प्रेक्षक रांगेत सरकत असतो. त्याच्याजवळ काही मिनिटेच असतात. म्हणून देखाव्याचा विषय एका प्रसंगात मावला पाहिजे आणि निवेदनाची ध्वनिफीत संपेपर्यंत उलगडला पाहिजे. कोलूचा प्रेक्षक घटकाभर बसतो, नावे विचारतो, एखादी बाहुली ओळखतो. वाळवंटातील प्रेक्षक तर शिल्पाच्या आत शिरतो, त्यावर चढतो, लिहितो. पाहण्याचा अवधी आणि पाहणाऱ्याचे शरीर कोठे आहे, यावरून विषयाची व्याप्ती ठरते.

बर्निंग मॅनमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दरवर्षी एक विषय जाहीर होतो. कोलूमध्ये पायऱ्यांचा क्रम पारंपरिक ठेवून पायथ्याच्या बागेत किंवा शेजारच्या मांडणीत एखादा विषय घेण्याची पद्धत आहे. मयिलापूरच्या कपालीश्वर मंदिरातील त्रेसष्ट नायन्मारांची मिरवणूक हा त्यांतील एक लोकप्रिय विषय होय. परंतु विषय म्हणजे वर लावलेली पाटी नव्हे. तो रचनेच्या अंगातून निघाला पाहिजे. हा मुद्दा एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल.

समजा, चेन्नईतील एखाद्या तंजावर मराठी कुटुंबाने ‘पंढरीची वारी’ हा विषय घेतला. तमिळ प्रांतातील भजनसंप्रदायात मराठी अभंग आवडीने गायले जातात आणि कुंभकोणमजवळ गोविंदपुरम येथे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे आहे, तेव्हा विषय पाहुण्यांना परका नाही. प्रथम सुचेल ती कल्पना अशी: सात पायऱ्या म्हणजे माउलींच्या पालखीचे सात टप्पे. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, फलटण, वाखरी आणि सर्वांत वर पंढरपूर. कागदावर ही योजना नीटस दिसते. मांडू गेल्यावर अडचण येते. कोलूची वाळू पायथ्याशी असते, आणि येथे पायथ्याशी आळंदी आहे. चंद्रभागेचे वाळवंट मात्र वर, सातव्या पायरीजवळ हवे. तेथे वाळू टिकणार नाही आणि कलशालाही जागा उरणार नाही. शिवाय वारीचा मार्ग पसरट आहे. तो पायऱ्यांवर चढवला की चालणे हरवते आणि नुसती चढण उरते.

दुसरी कल्पना पायऱ्यांना टप्पे न मानता घाट मानते. पंढरपुरात महाद्वार घाटाच्या पायऱ्या वाळवंटातून वर नगरात नेतात. मग पायथ्याची वाळू आपोआप चंद्रभागेचे वाळवंट होते, शुभ्र कापडाने झाकलेल्या पायऱ्या घाट होतात, आणि कलशाजवळ विठ्ठल-रुक्मिणी उभी राहतात. मंदिराच्या महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. म्हणून सर्वांत खालची पायरी हीच नामदेवांची, आणि चोखोबा त्या पायरीच्याही खाली, वाळूच्या कडेला. हा क्रम कोलूच्या रूढ क्रमाशी जुळतो आणि त्याच वेळी एक अवघड प्रश्न विचारतो: ज्याला मंदिरात जाऊ दिले नाही, त्याची जागा या दरबारात कोठे? घराच्या दिवाणखान्यात ही बाहुली कोण कोठे ठेवतो, यावरून उत्तर दिसते. येथे विषय सजावटीपुरता राहत नाही.

साहित्याचा प्रश्न नंतरचा. पांडुरंग-रुक्मिणीची जोडी आणि भजनी मंडळींचा संच मयिलापूरच्या मंदिराभोवतालच्या बाजारात मिळू शकतो. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली वारकरी स्त्री मात्र घरीच घडवावी लागेल, आणि भजनी बाहुल्यांचे वेष्टी नेसणे बदलून वारकऱ्यांचे धोतर करावे लागेल की तसेच ठेवावे, हा निर्णय कुटुंबाला घ्यावा लागेल. तसेच ठेवणे अधिक प्रामाणिक ठरेल. कारण ही वारी चेन्नईतून निघालेली आहे.

५. तीन शेवट

विसर्जनशील रचनेचे तीन शेवट येथे दिसतात: जाळणे, बुडवणे आणि गुंडाळून ठेवणे. प्रत्येक शेवट साहित्याची निवड आधीच करून ठेवतो.

बर्निंग मॅनमध्ये २००० साली डेव्हिड बेस्ट या शिल्पकाराने पहिले मंदिर उभारले. त्याचा संबंध अपघातात दगावलेल्या एका सहकाऱ्याच्या स्मरणाशी होता. तेव्हापासून लोक मंदिराच्या लाकडावर आपल्या मृतांची नावे लिहितात आणि शेवटच्या रात्री ते शांतपणे जळताना पाहतात. जाळायचे म्हणून लाकूड स्वच्छ हवे. विषारी रंग आणि प्लास्टिक चालत नाही. दुःख धुरातून जावे आणि विष मात्र जाऊ नये, अशी ही अट आहे.

बुडवण्याच्या परंपरेत नेमकी येथेच चूक झाली. नदीच्या मातीची मूर्ती पाण्यात विरघळते आणि माती मातीला मिळते. प्लास्टर ऑफ पॅरिसने मूर्ती हलकी, स्वस्त आणि उंच झाली. परंतु ती सहज विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला २०१० मध्ये मूर्तिविसर्जनासाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या आणि २०२० मध्ये त्या अधिक कडक कराव्या लागल्या. मुंबईच्या चौपाटीवर काय किंवा चेन्नईच्या पट्टिनपाक्कमच्या किनाऱ्यावर काय, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी लाटांनी परत आणलेले भग्न अवयव दिसतात, तेव्हा रचनेने आपल्या शेवटाशी केलेला करार मोडल्याचे दिसते. गोव्याचे सुबोध केरकर यांनी किनाऱ्यावर वाळू, शिंपले, होड्या यांच्या मांडणीतून काम केले, त्यात समुद्राला विरोधक न मानता सहकारी मानले आहे. तो विचार मूळ मातीच्या गणपतीचाच आहे.

कोलूचा शेवट सर्वांत सौम्य आहे. विजयादशमीच्या रात्री एक बाहुली आडवी निजवतात. दरबार उठतो. दुसऱ्या दिवशी बाहुल्या जुन्या मऊ कापडात आणि कागदात गुंडाळून पेटीत जातात. येथे वस्तू नष्ट होत नाही, रचना नष्ट होते. कोणती बाहुली कोणत्या पायरीवर, कोणाच्या शेजारी होती, ही मांडणी फक्त मांडणाऱ्याच्या स्मरणात उरते. वाळवंटातील कारागीर प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालतो. आजीच्या पेटीवर क्रमांक नसतात. क्रमांक आजीच असते.

६. पेटी उघडताना

चेन्नईतील अनेक तंजावर मराठी घरांत आज तिसरी पिढी घरातली बोली समजते, पण सहज बोलत नाही. जे लिहिले जाते ते कित्येकदा तमिळ लिपीत असते. बाहुल्या शाबूत आहेत. पण ही कोणाची, कोणत्या लग्नात आली, हिला आपल्या घरात काय म्हणतात, हे सांगणारी वाक्ये ज्या भाषेत होती ती भाषा दरवर्षी थोडी मागे सरते. वस्तू जपल्या म्हणजे परंपरा जपली, हा समज म्हणूनच अपुरा आहे. ब्लॅक रॉकच्या मंदिराचे एकही लाकूड उरत नाही, तरी ते पुन्हा उभारणारे हात दरवर्षी तयार होतात. कोलूच्या पेटीत सर्व काही उरते. पण पेटी उघडणाऱ्याला क्रम आठवला नाही तर त्या केवळ बाहुल्या होतात.

मराठीच्या अभ्यासकांना येथे स्पष्ट काम आहे. तंजावरचे मोडी कागद आणि शिलालेख यांकडे जितके लक्ष गेले, तितकेच या नऊ रात्रींकडे जावयास हवे. प्रत्येक पायरीला घरात वापरला जाणारा शब्द, मांडताना दिल्या जाणाऱ्या सूचना, हळदीकुंकवाची गाणी, बाहुल्यांची घरगुती नावे यांची नोंद मांडणी चालू असतानाच करावी लागेल, कारण ही वाक्ये एरवी उच्चारली जात नाहीत. ‘ही इथे नको, तिथे ठेव’ हे साधे वाक्य ज्या बोलीत म्हटले जाते, तिचे व्याकरण त्या वेळी कामाला लागलेले असते. नातीने ते ऐकून बाहुली योग्य जागी ठेवली, तर एका क्षणात मांडणी आणि भाषा दोन्ही पुढे गेलेल्या असतात.

वाळवंट दरवर्षी रिकामे होते, म्हणून पुन्हा भरते. पेटीचेही तसेच आहे. पुढच्या महालय अमावास्येला ती कोण उघडणार, आणि उघडताना कोणत्या भाषेत बोलणार, एवढाच प्रश्न उरतो.